उजव्या अंगाचं वल्हं

१

धुक्यात ती होडी शर्यतीच्या आरंभरेषेवर एकटीच उभी होती.

सातारा मागं टाकून उमा लिमये उजाडता उजाडता माळदेव धरणावर पोचल्या, तेव्हा समोरचं पाणी दिसतच नव्हतं. कुठंतरी खाली पाणी असल्याचा आवाज फक्त येत होता. राज्य संघटनेचे सचिव देवदत्त घोरपडे त्यांच्यासोबत मोटरबोटीत बसले आणि बोलतच राहिले.

"आपल्या तरुणपणी या खेळाचं नाव कुणाला ठाऊक होतं, मॅडम? आज उझबेकिस्तान, इराण, जपान, इंडोनेशिया, सगळीकडं पोरं कनू मारतायत. महासंघात प्रत्येक देशाला एक मत. त्या मतांवर युवा स्पर्धा आपल्याकडं आलीय. आता तुमची सही झाली की माळदेवचं नाव अख्ख्या आशियात."

उमाताई मूळच्या सांगलीच्या. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत वाढल्या, पुढं स्वतः वल्हं हातात घेतलं आणि आता आशियाई कनू महासंघाच्या सुरक्षा समितीवर होत्या. पाणी सुरक्षित आहे असं त्यांनी म्हटल्याशिवाय स्पर्धा होणार नव्हती. देवदत्तराव त्याच महासंघाच्या उपाध्यक्षपदासाठी उभे होते, हेही त्यांना माहीत होतं.

मोटरबोट थांबली. आरंभरेषेवर पाण्यावर तरंगणारा लाकडी तराफा होता, काठापर्यंत फळी टाकलेला. शर्यत सुटण्याआधी त्यावर पालथी पडून माणसं होड्यांची टोकं धरून ठेवतात. त्या तराफ्याला लागून एक पांढरी कनू, एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, उभी होती. नाक अंतिम रेषेच्या दिशेनं, अगदी सरळ. शिट्टी वाजायची तेवढी बाकी असल्यासारखी.

"कोण आहे रे?" देवदत्तरावांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

उमाताईंनी वाकून होडीत पाहिलं. आत गुडघा टेकायची स्पंजची उशी, आडवं ठेवलेलं वल्हं आणि एक ओली खाकी टोपी. त्यांनी तळाला हात लावला. टोपीखाली ओल, बाकी तळ कोरडा होता.

"टोपी सयाजीची," देवदत्तराव हळू आवाजात म्हणाले. "आमचा इथला मार्गप्रमुख. मार्गाच्या तरंगत्या बोया लावणं, खोली मोजणं, सगळं तोच बघतो."

सयाजी जगदाळे तासाभरात सापडला. धरणात बुडालेल्या माळजाईच्या देवळापाशी, आरंभरेषेपासून खूप लांब. डोक्याला मागून जखम होती आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीत लाल कापडाची चिंधी होती.

२

"अपघात दिसतोय," फौजदार प्रियदर्शनी शिंदे म्हणाल्या. त्या साताऱ्याहून आल्या होत्या. वय कमी, बोलणं मोजकं. "होडी कलंडली, डोकं तराफ्यावर आपटलं, बुडाला. गावातले लोक वेगळंच सांगतात म्हणा."

"काय सांगतात?"

"धुक्यात एक होडी फिरते म्हणतात. गेलं वर्षभर. सृष्टी नावाची पोरगी इथं बुडाली होती. सरावात पायात गोळा आला, होडी उलटली. तेव्हापासून."

उमाताई काठावरच्या दगडावर बसल्या. त्यांना लहानपणापासून पाण्याची भीती कधी वाटली नव्हती. आज मात्र पाण्याकडं पाठ करून बसावंसं वाटत नव्हतं.

"फौजदारबाई, कनू ही दोरीवर चालण्यासारखी असते," त्या म्हणाल्या. "माणूस त्यातून पडला की ती हेलकावते, निदान थोडं तरी पाणी आत घेतेच. ही आतून कोरडी होती. तिच्यातून कुणी पडलेलं नाही. कुणीतरी शांतपणे तराफ्यावर उतरलंय."

शिंदे वहीत लिहिता लिहिता थांबल्या.

"आणि धरणाचं पाणी वाहत नाही. आज वाराही नव्हता. मग तराफ्यापाशी बुडालेला माणूस देवळापर्यंत गेला कसा?"

"लोक म्हणतात देवीनं ओढून नेला."

"लोक काहीही म्हणोत. तुम्ही काय म्हणता?"

फौजदारबाईंनी धुक्यातून वर आलेल्या देवळाच्या शिखराकडं पाहिलं. पाणी उतरलं होतं, म्हणून कळस तेवढा बाहेर होता. त्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

"मी म्हणते, चला, होडी परत एकदा बघू."

३

प्रशिक्षण केंद्र म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत रॅकवर पांढऱ्या होड्या एकसारख्या रचलेल्या. मुख्य प्रशिक्षक वीरधवल मोहिते दारातच भेटले. उंच, ताठ, फौजेतून निवृत्त झालेले. एकेकाळी देशासाठी खेळलेला हा माणूस. अपघातात डावा गुडघा गेला आणि खेळ सुटला. उजव्या हातात काठी घेऊन चालत. आजूबाजूच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं त्यांनी इथं आणली, त्यातली कितीतरी या खेळाच्या जोरावर फौजेत आणि पोलिसांत लागली होती.

"सयाजी माझा जोडीदार होता, ताई," ते म्हणाले. "आम्ही एकत्र भरती झालो. पहाटे एकटा पाण्यात जाऊ नको म्हणून कितीदा सांगितलं असेल त्याला." त्यांनी स्वतः चहा ओतला आणि कप पुढं केला. त्यांच्या डाव्या तळव्याच्या मधोमध फुटलेला फोड होता, त्याभोवती कातडी घट्ट, पिवळी झालेली.

भिंतीवर जुना फोटो होता. दोन तरुण आपापल्या होडीत, दोघांचाही डावा गुडघा टेकलेला, दोघांचीही वल्ही डावीकडं.

"हे तुम्ही दोघं?"

"व्हय. दोघंही डावे." वीरधवल हसले, पण डोळे फोटोकडं गेले नाहीत.

बाहेर अंकिता पवार होड्या पुसत होती. केंद्रातली सगळ्यात चांगली खेळाडू, बुडालेल्या सृष्टीची मैत्रीण. फौजदारबाईंनी सरळ विचारलं, "सयाजीशी तुझं भांडण झालं होतं म्हणे?"

"झालं होतं की." तिनं फडका पिळला. "देवळाकडच्या कडेला सराव करू द्यायचे न्हाईत. विचारलं का, तर गप. सृष्टी गेल्यापासनं लय बदलले होते काका. काल संध्याकाळी फोनवर देवदत्तसरांना म्हणत होते, 'उद्या मॅडमना सगळं दावतो, मग तुमची स्पर्धा ऱ्हावो नाहीतर जावो.' मी स्वतः ऐकलं."

उमाताईंनी आरंभरेषेवरची होडी शेडबाहेर आणवली होती. त्या म्हणाल्या, "अंकिता, कनूत एक गुडघा टेकतात आणि त्याच अंगाला वल्हं मारतात. उशी कुठल्या गुडघ्याची आहे ते बघ आणि सांग, ही सयाजीची होडी आहे?"

अंकिता वाकली. "न्हाई. ही उशी उजव्या गुडघ्याची हाय. काका डावे. त्यांची होडी तर ती काय, रॅकवर." तिनं बोट दाखवलं. मग ती आरंभरेषेवरच्या होडीच्या नाकाशी गेली, बोटानं रंग चाचपला आणि एकदम मागं सरकली.

"काय झालं?"

"नाक तुटलं होतं हिचं. वरनं फायबर लावून रंगवलंय." तिचा आवाज बारीक झाला. "उशीच्या कडेला कोरलेलं हाय बघा. चांदणी. ती सृष्टीनं कोरली होती. ही सृष्टीची होडी हाय. ती तर जाळली म्हणून सांगितलं होतं आम्हाला."

वीरधवल दारात उभे होते. ते आत निघून गेले.

४

"सरळ आहे," फौजदारबाई गाडीत बसल्यावर म्हणाल्या. "इथं उजव्या अंगानं वल्हं मारणारी एकटी अंकिता. भांडणही तिचंच."

"मी त्या होडीत गुडघा टेकून पाहिलं. पुढच्या पायाला रेटा द्यायला जो अडसर असतो, त्याला माझा पाय पोचला नाही. अंकिता माझ्याहून बुटकी आहे."

"मग देवदत्तराव? भांडण त्यांचंही होतं."

देवदत्तरावही आपल्याहून बुटकेच, असं उमाताईंना म्हणायची वेळ आली नाही. ते स्वतःच घामाघूम होऊन आले आणि कबूल करून गेले. सयाजीचा फोन आला होता. तो भुताटकीच्या गप्पा मॅडमच्या कानावर घालणार असं त्यांना वाटलं. गप्प बसायला सांगितलं, दम दिला. बाकी काही माहीत नाही. "मी आयुष्यात कधी होडीत बसलेलो नाही हो," ते म्हणाले. "आशियातले निम्मे पदाधिकारी बसलेले नाहीत. आम्ही बैठकांना बसतो."

त्यांच्या बोलण्यात लाज होती, म्हणून उमाताईंनी ते खरं धरलं.

आता उरली होती ती धुक्यातली होडी. ती जिनं रोज पाहिली, ती बाई देवळासमोरच्या काठावर राहत होती. तिचं नाव शालूबाई. सृष्टीची आई.

५

शालूबाईंचं घर काठापासून थोडं वर होतं. त्या परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. फौजदारबाईंना पाहून उठल्या नाहीत, नुसतं सरकून बसायला जागा केली.

"आज सकाळी होडी दिसली, मावशी?" उमाताईंनी विचारलं.

"दिसली की. धुकं आसलं की येती."

"कोण असतं तिच्यात?"

शालूबाईंनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुमी हसाल."

"हसणार नाही."

"माझी पोरगी आसती. एक गुडघा टेकून बसल्याली. तोंड न्हाई दिसत. पन होडी तिचीच. पानी कापायची रीत बी तिचीच, माज्या अंगाला वल्हं टाकत जाती. मी हाक न्हाई मारत. हाक मारली आन् थांबली न्हाई तर?"

उमाताई काठापर्यंत गेल्या, शालूबाई रोज उभ्या राहायच्या त्या जागी. समोर पाणी, त्यात कळस. उजव्या हाताला लांब धरणाची भिंत, तिथंच आरंभरेषा.

"आज ती कुठून कुठं गेली?"

"देवळाकडनं आली आन् भिंतीकडं गेली. घाईत हुती. रोज सावकाश जाती." त्या थोड्या थांबल्या. "आज आदी मानसांचा आवाज आला. दोगं भांडत हुते. मग ढप दिशी कायतरी पडलं. मग लय येळ कायबी न्हाई."

भिंतीकडं म्हणजे उजवीकडं. होडी उजवीकडं जाताना वल्हं काठाच्या अंगाला पडत असेल, तर मारणारा उजव्या अंगाचाच. उमाताईंनी दोनदा हातवारे करून खात्री केली.

"देवळाच्या पुढं काय होतं मावशी, पाणी यायच्या आदी?"

"दीपमाळ. लय उंच. आमी लगीन होऊन आलो तवा तिच्यावर दिवं लावल्यालं."

उमाताई फौजदारबाईंकडं वळल्या. "एक लांब बांबू आणि मोटरबोट मागवा. आणि वीरधवलना बोलवा. काही विचारायचं म्हणून नको. बोट चालवायला म्हणा."

६

दुपारच्या उन्हात धुकं उरलं नव्हतं, तरी पाणी काळंच दिसत होतं. वीरधवल बोट चालवत होते, त्यांच्या मागं फौजदार शिंदे बसल्या होत्या. उमाताई पुढं बसून बांबू पाण्यात घालत होत्या. देवळाच्या जवळ, बोयांच्या ओळीच्या आतल्या बाजूला, बांबू एकदम अडला. पाण्याखाली हातभरावर दगड होता. त्याच्या टोकाला लाल कापडाचा फाटका तुकडा अडकून पाण्यात हलत होता.

"इंजिन बंद करा," उमाताई म्हणाल्या.

बोट तरंगत राहिली.

"खोलीचा नकाशा धरण भरलेलं असताना केला होता. तेव्हा दीपमाळ खोल होती. पाणी उतरलं की ती वर येते. गेल्या वर्षी सरावात सृष्टीची होडी तिच्यावर आदळली. नाक फुटलं, ती पडली. पायात गोळा आला नव्हता. बोया नंतर सरकवल्या, पण पुरेशा नाहीत. हे दोघांना माहीत होतं. तुम्हाला आणि सयाजीला."

वीरधवल पाण्याकडं पाहत होते.

"सयाजीला ते सोसेना. आज मी येणार म्हणून तो पहाटे काठावरून पोहत इथवर आला, दीपमाळेच्या माथ्यावर उभं राहून लाल निशाण बांधायला. त्याच वेळी तुम्ही धुक्यातून आलात. सृष्टीच्या होडीतून."

"मला गुडघा टेकता येत नाही, ताई. सगळ्यांना ठाऊक आहे."

"डावा टेकता येत नाही. उजवा येतो. फोटोत तुम्ही डावे होतात. डाव्या माणसाचा डावा हात वल्ह्याच्या दांड्यावर खाली असतो, फोड येतात ते बोटांच्या मुळाशी. वल्ह्याची मूठ वरच्या हाताच्या तळव्यात रुतते. तुमच्या डाव्या तळव्याच्या मधोमध ताजा फोड आहे. तुमची काठी तर उजव्या हातात असते. म्हणजे डावा हात आता वर असतो आणि तुम्ही उजव्या अंगानं वल्हं मारता. आणि त्या होडीतला अडसर तुमच्याएवढ्या उंच माणसाचा आहे."

शिखरावरचा पाणकावळा उडाला आणि पाण्याला चाटून गेला.

"पोरांसमोर पडायची लाज वाटायची," वीरधवल शेवटी म्हणाले. "म्हणून धुक्यात शिकायचो. नव्यानं, उजव्या अंगानं, लहान पोरासारखं. रॅकवरची होडी घेतली असती तर कळलं असतं. तिची होडी मला जाळवली नव्हती, पंपघरात ठेवली होती. नीट केली. वाटलं, ती पाण्यात तरी राहील."

"सयाजीचं काय झालं?"

"निशाण बांधत होता. मी म्हटलं, गड्या, स्पर्धा जाईल, केंद्र बंद होईल, इतक्या पोरांनी कुठं जायचं? तो म्हणाला, पुढची पोरगी आपटली की सांगू का मग? मी कापड ओढलं. तो मागं गेला, डोकं दगडावर लागलं, घसरला." त्यांनी ओठ पुसले. "वर आला होता. हात केला त्यानं. वल्हं माझ्या हातात होतं, नुसतं पुढं करायचं होतं. मी केलं नाही, ताई. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग पाणी गप झालं. टोपी तरंगत होती."

"ती घेऊन आरंभरेषेवर गेलात, म्हणजे इथं कुणी शोधणार नाही."

"हो. तराफ्यावर उतरलो आणि फळीवरून चालत काठावर आलो. उशी उजव्या गुडघ्याची आणि सयाजी डावा, हे लक्षात आलं होतं. पण चिकटवलेली उशी उपटायला वेळ नव्हता, आणि पोलिसांना काय कळणार असं वाटलं."

फौजदार शिंदेंनी पुढं होऊन सुकाणू आपल्या हातात घेतलं.

७

महासंघाची बैठक त्याच आठवड्यात झाली. पडद्यावर वेगवेगळ्या देशांचे चेहरे होते, काहींकडं सकाळ, काहींकडं संध्याकाळ. माळदेवची स्पर्धा रद्द झाली. धरणाच्या पाण्यात शर्यत घ्यायची असेल तर पाणी उतरल्यावर तळाची पाहणी पाणबुड्यांकडून करून घ्यावी, हा उमाताईंचा ठराव मताला आला. मतदानाआधी देवदत्तरावांनी बोलायला परवानगी मागितली. उपाध्यक्षपदाची उमेदवारी मागं घेतल्याचं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मग सृष्टीचं पूर्ण नाव, गाव आणि ती कशानं गेली, हे त्यांनी वाचून दाखवलं. ठराव मंजूर झाला.

अंकिता आणि बाकीची मुलं सांगलीला कृष्णेवर सरावाला जाऊ लागली. उमाताईंनी माहेरच्या घराच्या दोन खोल्या त्यांना उघडून दिल्या.

एक काम राहिलं होतं. ते फोनवर होण्यासारखं नव्हतं.

उमाताई सकाळी माळदेवला गेल्या तेव्हा धुकं होतं. शालूबाई काठावर उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन. उमाताईंनी सगळं सांगितलं. दीपमाळ, तुटलेलं नाक, रंगवलेली होडी, आणि तिच्यात बसणारा माणूस कोण होता ते. सांगताना त्यांना वाटलं, इतक्या वर्षांत आपण इतकं अवघड काम केलेलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर शालूबाईंनी विचारलं, "म्हंजी ती आपटली. पायात गोळा आला म्हून न्हाई बुडाली."

"नाही. तिची काही चूक नव्हती."

"आन् सकाळच्याला यायची ती ती नव्हं."

"नाही, मावशी."

शालूबाई पाण्याकडं पाहत राहिल्या. पाण्यावर काहीच नव्हतं.

"म्हंजी गेलीच की वो ती," त्या म्हणाल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा खाली बसून रडू लागल्या. उमाताई त्यांच्या शेजारी ओल्या मातीवर बसल्या. बऱ्याच वेळानं पलीकडचा डोंगर दिसायला लागला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.